रेघ दिसली नाही तर अर्धा कप

१२ जानेवारी, रविवार

औषध कंपनीच्या माणसानं लॅबमध्ये दिलेली ही डायरी अकरा दिवस कोरी पडली होती. आज लिहायला कारण मिळालं. पोर्चमधल्या पांढऱ्या फरशीवर बशीएवढा ऑइलचा डाग पडलाय. फरशी दिवाळीतच बसवलेली, प्रफुलनं हौसेनं निवडलेली. डागाच्या बरोबर वर मामाजींची मोटरसायकल उभी आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे, अण्णाजी. इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तेहतीस वर्षं इंजिन फिटर होते. गाडी सत्तावीस वर्षांची. सर्व्हिसिंगपुरता चौकातला राकेश मेकॅनिक तिला हात लावतो, बाकी सगळं मामाजी स्वतः बघतात. नवीन वर्षाला राकेशनं ऑइल बदलून दिलं आणि आठ दिवसांत ही गळती सुरू.

"बाबा, आता इकून टाका," प्रफुल म्हणाला. "मागच्या चाकाले ऑइल लागलं तं हायवेवर गाडी घसरन."

"माह्या हातच्या इंजिनाखाली आजपर्यंत थेंब पडला नाई."

"मंग हे काय व्हय?"

मामाजी चपलेनं डाग पुसायला लागले. त्यानं तो दुप्पट झाला.

शेवटी ठरलं की गुढीपाडव्यापर्यंत गळती थांबली नाही तर गाडी विकायची. मामाजींनी मान हलवली, पण जेवताना भाकरी तशीच ठेवून उठले. मला कारण माहीत आहे. दर रविवारी ते तानबाजींची दाढी करायला जातात. तानबाजी जिनिंगमधले त्यांचे जोडीदार. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात गेला. त्यांचं गाव वडनेरच्या पुढं, आत. बस फाट्यावर सोडते आणि पुढच्या तीन किलोमीटरला मामाजींचे गुडघे नाही म्हणतात. गाडी गेली की रविवार गेला.

मी म्हटलं, गळती मी शोधते. प्रफुल हसला. मी रोज साठ-सत्तर जणांचं रक्त काढते, कुणाच्या अंगात काय बिघडलंय ते शोधण्याच्या कामातच माझा दिवस जातो. एका इंजिनाचं काय घेऊन बसलात? हसण्याचा मला राग आलाय, तो इथं नोंदवून ठेवते.

१४ जानेवारी, संक्रांत

अर्धी सुटी टाकली. डिझेल आणि ब्रशनं अख्खं इंजिन घासून काढलं, सुकवलं आणि वरून बेबी पावडर भुरभुरवली. ही युक्ती मामाजींची. जिनिंगमध्ये ते खडूची भुकटी मारायचे.

"जिथं टपकते तिथं पाहू नको," ते म्हणाले. "ऑइल वरून खाली येते अन् वाऱ्यानं मागं जाते. सगळ्यात वर ओलं कुठं हाये ते पाह्य. गळती तिथंच राह्यते."

ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी करत होते. पूर्वी ते कुणाच्या हातात पाना देत नसत. माझ्यावर एवढा भरवसा टाकला याचं फार बरं वाटलं.

शेजारच्या अनुसयाबाई तिळगूळ घेऊन गेटात आल्या, तर मामाजींनी खुर्चीतूनच "ये समीक्षा" म्हणून हाक मारली. समीक्षा माझी नणंद, तीस वर्षांची. अनुसयाबाईंनी साठी ओलांडलीय. दिवसभर खूश होत्या. मामाजींची थट्टा अशी कोरडी असते, हसतसुद्धा नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

पावडर क्लचच्या झाकणाखाली भिजली होती. राकेश म्हणाला, "पॅकिंग गेलं वहिनी, बाकी काई नाई." नवं पॅकिंग टाकलं, नवं ऑइल भरलं. मी समोर उभी राहून बघितलं. एक लिटरचा डबा, पूर्ण आत.

मामाजी तानबाजींकडून आले ते ब्लेडचं पाकीट कचऱ्यात टाकूनच बसले. विचारलं तर म्हणाले, "आज तानबाले दोन ठिकाणी लागलं. ब्लेडं आजकाल बोगस येऊन राह्यली." बुधवारी दुसऱ्या कंपनीची ब्लेडं आणीन.

२९ जानेवारी, बुधवार

परत डाग, आणि आधीपेक्षा मोठा.

गाडीचा आणि माझा आता वैयक्तिक वाद आहे. पुन्हा धुणं, पुन्हा पावडर. या वेळी ओलं मागं, चेनच्या बाजूला. आधीचं पॅकिंग तर कोरडं आहे. म्हणजे एक भोक बुजवलं की हिला दुसरं सुचतं.

संध्याकाळी नेहमीसारखा पेपर वाचून दाखवला. मागच्या उन्हाळ्यापासून मामाजी पेपर ऐकतात. माझा आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा आहे म्हणे. गळतीचं सांगितलं तर एवढंच म्हणाले, "ऑइल कमी पडू देत नाई मी. ते नको चिंता करू." खरंच आहे. जिनिंगमधली शिस्त त्यांनी सोडलेली नाही. रविवारी आणि बुधवारी सकाळी इंजिनातलं ऑइल मोजायची काडी काढून बघतात. तिथला नियमच होता, काडीवर ऑइलची रेघ दिसली नाही तर अर्धा कप टाकायचं, विचार करत बसायचं नाही. इंजिन कोरडं चाललं तर अख्खी पाळी बंद पडायची. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाची गाडी गळावी याचं वाईट वाटतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

राकेशनं चेनच्या बाजूचं ऑइल सील बदललं. जुनं सील हातात दिलं, रबर कडक झालेलं होतं. मी डबीत जपून ठेवलं, पुरावा म्हणून. ऑइल अर्थात पुन्हा नवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामाजी पडले. घराच्या वळणावरच, गाडी हळू होती म्हणून वाचले. कोपर सोललं. मागच्या चाकाला ऑइल होतं, मी बोटानं पुसून बघितलं. ते म्हणतात चाक घसरलं नाही, नळाच्या पायपासाठी खोदलेला खड्डा "एकदम समोर आला". तो खड्डा तर पंधरा दिवसांपासून तिथंच आहे, वर लाल फडकंही बांधलंय. गाडीला दोष लागू नये म्हणून खड्ड्यावर घालताहेत, दुसरं काय.

प्रफुलनं जखम धुऊन पट्टी बांधली. नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मले फरशीचं काई नाई वो रुचिका. मले बाबा पाह्यजे." महिनाभर मी त्याला फरशीवाला समजत होते, त्याची लाज वाटली.

यापुढं मी गाडीला हात लावणार नाही. माझ्या हाताला यश नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबमध्ये शिबिरं होती, बारा दिवस गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. आज फरशी पुसताना लक्षात आलं. डाग नाही. पुठ्ठा घालून बघितला, दिवसभरात एक थेंब नाही.

मी काही केलं तर गळते, काही नाही केलं तर थांबते. असा पेशंट मी अजून बघितला नाही. पण थांबली ना? पाडव्याला महिना आहे. मामाजींना सांगितलं तर म्हणाले, "इंजिन जागेवर बसाले टाइम घेते." काडी काढून मला दाखवली, ऑइल काळंभोर, रेघ कुणालाही दिसेल अशी. "पाह्य. बरोबर निशाणीवर."

२ मार्च, रविवार

आनंदात मी गाडीला बक्षीस दिलं. एवढं काळं ऑइल पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून राकेशकडे नेऊन बदलून आणलं. डब्यातून पडताना मधासारखं दिसत होतं. मामाजी मुद्दाम बघायला आले नाहीत, पण राकेशला विचारून आले की "पुरं टाकलं ना?"

१० मार्च, सोमवार

गळतेय. मी पोर्चच्या पायरीवर बसून चक्क रडले. पस्तीस वर्षांची बाई एका गाडीपायी रडते, हे अनुसयाबाईंनी भिंतीवरून पाहिलं.

मग डोळे पुसून "सगळ्यात वर" शोधायला लागले. सीटखाली हात घातला तर एअर फिल्टरच्या डब्याची नळी ओली. तशीच गाडी ढकलत राकेशकडे नेली. त्यानं डबा उघडला, आत ऑइलचं तळं. इंजिनातलं ऑइल खाली सोडून मापात घेतलं तर सव्वा लिटरच्या वर निघालं.

"वहिनी, गळती नवतीच. ऑइल जास्त हाये. पोटात मावत नाई म्हणून इंजिन जिथून जागा भेटंन तिथून फेकून राह्यलं."

मी त्याला वाटेल तसं बोलले. तूच जास्त भरतोस म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्यासमोर डबा उलटा केला. एक लिटरच्या डब्यात सव्वा लिटर कसं मावन?"

त्यानं मोजून एक लिटर नवं ऑइल परत भरलं. घरी येईपर्यंत हे गणित सुटलं नाही. राकेश नाही, मी नाही, प्रफुल गाडीजवळ जात नाही.

१२ मार्च, बुधवार

सुटलं.

सकाळी सहाला दूध घ्यायला दार उघडलं. मामाजी गाडीशी होते, पाठमोरे. काडी काढली, फडक्यानं पुसली, बुडवली, काढली. डोळ्याजवळ नेली. उजेडाकडे वळवली. तिरपी केली. पुन्हा पुसून पुन्हा बुडवली. मला पाच हातांवरून दिसत होतं, नवं स्वच्छ ऑइल, खालच्या निशाणीच्या कितीतरी वरपर्यंत चकाकत होतं. ते मात्र शोधत होते. शेवटी मान हलवली, शेल्फवरून स्टीलचं माप घेतलं आणि अर्धा कप ऑइल नीट, एक थेंब न सांडता, हाताच्या अंदाजानं आत ओतलं.

त्यांना काळ्या ऑइलची रेघ दिसते. पारदर्शक ऑइलची दिसत नाही. म्हणून मी दर वेळी "दुरुस्ती" करून नवं ऑइल भरलं की गळती सुरू व्हायची.

दूध उतू गेलं आणि मी ओट्याशी उभी राहून एकेक आठवत होते. अनुसयाबाई. पेपर. लाल फडकं. मी रोज दुसऱ्यांच्या नसा शोधते आणि माझ्याच घरातल्या माणसाचे डोळे गेलेत हे मला दिसलं नाही.

त्या डोळ्यांनी ते हायवेवर जातात. हे आजच थांबायला हवं होतं, आणि "तुम्हाला दिसत नाही" असं माझ्या तोंडून निघेना. तेहतीस वर्षं ज्यांनी नजरेनं इंजिनं चालवली त्यांना सुनेनं हे सांगायचं. मी बाहेर जाऊन म्हटलं, "मामाजी, मले गिअरची गाडी शिकवा ना. लायसन्स आहे, चालवली कधी नाई. पाडव्यापर्यंत चावी माह्याजवळ राहू द्या."

इतके खूश झाले की मला चोरट्यासारखं वाटलं. ते आंघोळीला गेल्यावर मी लॅबची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी लावून काडीच्या भोकातून जास्तीचं ऑइल ओढून घेतलं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरून वॉशिंग मशीनमागं ठेवलं.

१६ मार्च, रविवार

धुळवडीला प्रफुलला सांगितलं. तो रंग लागलेले हात धुवायला नळाशी गेला आणि तसाच परत आला. मग म्हणाला, "त्याइले सांगन कोण?" मी म्हटलं, मी सांगीन, मला थोडे दिवस दे. दिवस कशाला मागितले मलाही माहीत नाही.

आज सकाळी त्यांनी माप ओतलं, मी सिरिंजनं काढलं. मग मी चालवत आणि ते मागं बसून, आतल्या रस्त्यानं तानबाजींकडे गेलो. तानबाजींची शुगर बघते, असं निमित्त काढलं होतं. मामाजी दर खड्ड्याला "आता क्लच, आता क्लच" करत होते, बहुतेक वेळा खड्डा गेल्यावर.

दाढी मी बघितली. मामाजी डाव्या हातानं गाल चाचपत होते आणि बोटांच्या मागून ब्लेड फिरवत होते. कानाखाली लागलं. तानबाजींनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. मामाजी वाटी धुवायला मोरीकडे गेले तेव्हा तानबाजी वाकड्या तोंडानं, सावकाश म्हणाले, "त्याले दिसत नाई. मले दिवाळीपासून मालूम हाये."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तो आला नसता."

मी त्यांच्या कानाखालचं रक्त कापसानं पुसलं. शुगर बघायची राहूनच गेली.

१९ मार्च, बुधवार

त्यांनी ओतलं. मी काढलं. बाटली एक तृतीयांश भरली. फरशी कोरडी आहे आणि मामाजी अनुसयाबाईंना सांगताहेत की सुनेनं गळती बंद केली.

२१ मार्च, शुक्रवार

लॅबमधून आले तर मामाजी पोर्चमध्ये खुर्चीवर बसलेले, मांडीवर सलाइनची बाटली. मशीनखाली लोळत गेलेला साबण शोधताना हाताला लागली असेल. झाकण उघडं होतं. त्यांनी दोन बोटं बुडवून एकमेकांवर घासली, वास घेतला.

"नवं ऑइल हाये. पण कोरं नाई, इंजिनात जाऊन आलेलं हाये," ते म्हणाले. "कोणं काढलं?"

"मी."

"किती?"

"जेवढं तुम्ही टाकलं तेवढं, मामाजी. अर्धा अर्धा कप."

फिटरला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. पॅकिंग, सील, पडणं, फिल्टरचा डबा, सगळं त्यांनी मनात उलट्या क्रमानं लावलं असावं. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. रागावतील, उठून जातील, मला दोन्ही चाललं असतं. ते बोटावरचं ऑइल अंगठ्यानं चोळत राहिले.

"म्हणजे तानबाच्या गालाले म्याच कापत होतो," ते म्हणाले. "ब्लेडं चांगली होती."

मला हुंदका आला. त्यांनी ऑइलचा हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"माह्यासाठी चोरी कराले लागली तुले. डाक्टरची तारीख घे, बेटा. अन् हे ऑइल फेकजो नको, गाळून घे."

३० मार्च, गुढीपाडवा

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्याचं ऑपरेशन बुधवारी वर्ध्याला झालं. मामाजी काळा चष्मा लावून गुढीसमोर बसले होते आणि माझी गुढी वाकडी आहे म्हणत होते. वाकडीच होती.

आज प्रफुलनं दिलेली मुदत संपली. तो सकाळी लवकर उठला, गाडी धुतली, हँडलला झेंडूचा हार घातला आणि आत येऊन चहा मागितला. विकण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज मामाजी पंधरवड्यानं गाडीशी गेले. काडी काढली, पुसली, बुडवली. हात लांब करून बघितली. ऑइल मी परवाच बदललंय, एकदम नवं.

"रेघ हाये," ते म्हणाले आणि स्टीलचं माप शेल्फवर पालथं ठेवलं. मग मला हाक मारली, "चाल." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, तोवर चालवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते मागं बसले. या वेळी "क्लच" खड्ड्याच्या आधी ऐकू आलं.

तानबाजी खाटेवर टेकून वाट बघत होते. ऑपरेशनमुळं दोन रविवार जाणं झालं नव्हतं, दाढी पांढरी वाढली होती. मामाजींनी फेस लावला, दाढी काढायला घेतली. एक गाल मोकळा झाल्यावर त्यांनी तानबाजींची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, आणि ब्लेड तसंच हातात राहिलं. गालावर बारीक बारीक खुणा होत्या. त्यांनी एकेकीवर बोट ठेवलं.

"तानबा, हे सगळे माहेच व्हय?"

"दोन लहानपणचे हाये," तानबाजी म्हणाले.

मामाजी बघतच राहिले. भुवया, डोळ्यांखालच्या पिशव्या, उतरलेलं तोंड. मी दारात उभी होते, मला आत जावं की बाहेर ते कळेना.

"तू एवढा म्हातारा कवा झाला बे?"

"तू पाह्यत नवता तवा."

मामाजींनी चष्मा काढला, बाहीनं डोळा टिपायला गेले तर मी ओरडले, डोळ्याला हात लावायचा नाही. स्वच्छ कापूस दिला. त्यांनी गालावर ओघळलेलं तेवढं पुसलं, चष्मा लावला आणि दाढीला लागले. एकेक केस बघून काढत होते. पाऊण तास लागला. कुठंही कापलं नाही.

तानबाजी शेवटी कंटाळले. मला म्हणाले, "पह्यले बरं होतं. लवकर व्हायची."